काळी, पांढरी आणि शिळांची वर्तुळे

विदर्भातील शिळावर्तुळांविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक थडग्यांविषयी आहे. त्याला कारणही तसेच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या मुरमाड माळांवर काळ्या पाषाणाचे धोंडे गोलाकार मांडलेले आजही उघड्यावर दिसतात. ज्यांनी ते मांडले त्यांची घरे मात्र कुठेच दिसत नाहीत, त्यामुळे अभ्यासकाचे पाऊल आधी थडग्याकडे वळले. वर्धा जिल्ह्यातील खैरवाड्याच्या वर्तुळांची माहिती जे. जे. केरी यांनी १८७१ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीला कळवली. त्याच काळात नागपूरजवळच्या जुनापाणी येथे रिव्हेट-कार्नॅक यांनी काही वर्तुळे उघडली आणि १८७९ साली त्यांवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून पुढची जवळजवळ नव्वद वर्षे हा विषय म्हणजे थडगी आणि त्यांत सापडलेल्या वस्तू, असेच समीकरण राहिले. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. ही वर्तुळे रचणारा समाज एका जागी घरे करून राहणारा, दोन्ही हंगामांत पिके घेणारा समाज होता. त्याला भटक्या घोडेस्वारांचा जमाव मानले गेले, कारण त्याची साक्ष फक्त त्याच्या थडग्यांतून काढली गेली. वर्धेच्या काळ्या रानात शेतीची सुरुवात कोणी केली, या प्रश्नाचे उत्तर यावर अवलंबून आहे, म्हणून हा वाद मला महत्त्वाचा वाटतो.

आधी ही वर्तुळे म्हणजे नेमके काय ते पाहू. जमिनीत एक खड्डा, कधी उथळ, कधी खोल. त्यात माणसाची हाडे, पुष्कळदा सबंध सांगाडा नव्हे, निवडक तुकडेच. सोबत मडकी, लोखंडी हत्यारे, तांब्याच्या वस्तू, मणी. खड्डा भरताना चिकट काळी माती आणि मुरूम वापरलेला. ही काळी माती माळावरची नसते, ती खालच्या रानातून वर वाहून आणावी लागते. त्यावर लहानमोठ्या दगडांची रास आणि भोवती मोठ्या धोंड्यांचे कडे. वर्तुळाचा व्यास साधारणपणे दहा-पंधरा मीटर असतो, काही त्याहून लहान, काही बरीच मोठी. मडक्यांत काळी-तांबडी भांडी ठळक. ती भाजताना तोंडाकडचा आणि आतला भाग काळा होतो, बाहेरचा खालचा भाग लाल राहतो. अभ्रकाचा अंश असलेली लाल भांडीही विदर्भात भरपूर सापडतात. लोखंडात कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, खंजीर, आणि घोड्याच्या तोंडातले लगाम. माहूरझरीच्या थडग्यांत घोड्याच्या मस्तकावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले. डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठाच्या वतीने टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ मध्ये आणि माहूरझरीला १९७० ते १९७२ या काळात उत्खनने केली, आणि या संस्कृतीचे चित्र प्रथमच नीट उभे राहिले. कार्बन-१४ पद्धतीने आलेल्या तारखा मुख्यतः इ.स.पू. आठव्या ते पाचव्या शतकांतल्या आहेत. एकूण काळ ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० असा धरला जातो.

आता समोरची बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे. १९७४ साली लॉरेन्स लेश्निक यांनी दक्षिण भारतातील महापाषाणीय, म्हणजे मोठ्या शिळा मांडून केलेल्या, दफनांवर ग्रंथ लिहिला आणि ही दफने पशुपालक भटक्या टोळ्यांची असावीत असे प्रतिपादन केले. ते मत हवेत उभे नव्हते. थडगी शेकड्यांनी, वस्त्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. थडग्यांत लगाम आणि घोड्याची हाडे आहेत, शस्त्रे आहेत, पण शेतीची अवजारे फारच थोडी. माणसाची हाडे तुकड्यांत मिळतात, म्हणजे मृत्यू दूर कुठेतरी झाला असेल आणि अस्थी नंतर कुळाच्या जागी आणल्या असतील. थडगी ओसाड माळावर आहेत, जिथे गुरे चरतात आणि नांगर चालत नाही. हे सगळे एकत्र ठेवले की मध्य आशियातल्या घोडेस्वार टोळ्यांची आठवण येते, आणि बाहेरून आलेल्या स्वारांनी दख्खनमध्ये लोखंड आणि घोडा आणला ही कथा सहज जुळून येते. तिचे आकर्षण मी समजू शकतो. पण ती उभी आहे ती एका न तपासलेल्या गृहीतावर. लोक जसे जगतात तशाच वस्तू मृताबरोबर पुरतात, असे ते गृहीत आहे.

हे गृहीत किती धोक्याचे आहे हे पाहायला चीनचे उदाहरण उपयोगी पडते. सिचुआन प्रांतात, विशेषतः लशान आणि फंगशानच्या परिसरात, नद्यांच्या काठच्या तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांमध्ये कोरलेली हजारो थडगी आहेत. त्यांतली बरीचशी पूर्व हान राजवटीची, म्हणजे इ.स. २५ ते २२० या काळातली. कड्यात आडवा बोगदा कोरून आत दालने काढलेली, दारावर लाकडी वाशांची आणि तुळयांची नक्कल दगडात उतरवलेली, काही ठिकाणी दगडातच चूल कोरलेली. एकेका थडग्यात एकाच घराण्याच्या अनेकांना जागा मिळे. या थडग्यांत मातीच्या प्रतिकृती ठेवलेल्या सापडतात: भाताची खाचरे, शेजारी तळे, तळ्यात मासे, बदके आणि कमळे, विहिरी, चुली, कोंबड्या, हातात खोरे घेतलेला शेतकरी. घोडे आणि रथही आहेत, मातीचेही आणि भिंतीत कोरलेलेही. सिचुआनमधल्या समाजाची माहिती देणारे दुसरे काहीही उरले नसते, तरी या थडग्यांवरून तो भातशेती करणारा समाज होता हे कळले असते. कारण त्या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे मृताला पलीकडेही घर, शेत आणि तळे लागत होते, आणि ते सगळे त्यांनी लहान करून आत ठेवले.

त्याच चीनमध्ये हबेई प्रांतातील मानछंग येथे १९६८ साली डोंगरात कोरलेले एक थडगे सापडले. ते झोंगशानचा राजा ल्यू शंग याचे. त्याचा मृत्यू इ.स.पू. ११३ मध्ये झाला. त्याचे शरीर जेडच्या २,४९८ तुकड्यांच्या, सोन्याच्या तारेने शिवलेल्या आवरणात होते. फक्त त्या आवरणावरून कोणी हान काळातल्या लोकांचे रोजचे जीवन सांगू लागला तर त्याला आपण थांबवू. थडग्यात काय ठेवायचे हे मागे राहिलेले लोक ठरवतात. त्यामागे त्यांची श्रद्धा असते, प्रतिष्ठा असते, मृताचे स्थान असते. सिचुआनच्या लोकांनी शेत आत ठेवले, विदर्भाच्या लोकांनी ठेवले नाही. म्हणून विदर्भात शेत नव्हते असे कसे म्हणता येईल?

इथे एक शंका रास्त आहे. कड्यात दालने कोरणारे हान राज्य आणि धोंडे गोल मांडणारी विदर्भातली कुळे यांची तुलनाच का करावी? साम्राज्य, लिपी, कर, कारागीर यांचे पाठबळ एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला यातले काहीच नव्हते. हा फरक मला मान्य आहे आणि दोन समाजांत काही नाते होते असे मी सुचवत नाही. तुलना फक्त साक्षीच्या स्वरूपाची आहे. शिवाय कडा कोरण्याचा प्रश्न जितका सामर्थ्याचा तितकाच भूगर्भाचाही आहे. सिचुआनचा वालुकाश्म छिन्नीला लवकर वश होतो. वर्धेकडचा बेसॉल्ट कठीण आहे, आणि इथे सह्याद्रीसारखे उभे कडे नाहीत. इथल्या बुटक्या टेकड्यांवर खडक झिजून गोलसर धोंडे आणि मुरूम होतो. जे हाताशी होते त्यातून त्यांनी थडगे रचले. महाराष्ट्रात पुढे कडे कोरले गेले, पण तेही भिक्षूंच्या राहण्यासाठी आणि पूजेसाठी. भाजे येथे दिवंगत थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, स्मरणार्थ चौदा लहान स्तूप आहेत आणि काहींवर त्यांची नावे कोरली आहेत. मृतासाठी डोंगराच्या पोटात घर खोदावे ही कल्पना इथे रुजली नाही.

थडग्यांनी जे सांगितले नाही ते वस्त्यांनी सांगितले. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नैकुंड येथे १९७७ ते १९८० या काळात डॉ. देव आणि डॉ. अरविंद जामखेडकर यांनी उत्खनन केले. तिथे थडग्यांबरोबर वस्तीही खणली गेली आणि लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली: वक्र आकाराच्या मातीच्या विटा, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या, आणि जवळपास चाळीस किलो मळी. लोखंड बाहेरून येत नव्हते, इथल्याच खनिजापासून इथेच गाळले जात होते. त्यासाठी खनिज कुठे मिळते हे ठाऊक असावे लागते, कोळसा पाडण्यासाठी जंगल राखावे लागते, आणि पिढीतून पिढीकडे जाणारे कौशल्य लागते. भागीमोहरी येथे घरांच्या जमिनी सापडल्या, खांबांचे खड्डे सापडले, कुडाच्या भिंतींचे अवशेष सापडले, आणि वस्तीचे थर एकावर एक साचलेले दिसले. एक जमीन झिजली की तिच्यावर दुसरी सारवायची, हे वर्षानुवर्षे त्याच जागी राहणारे लोक करतात.

पण सर्वांत बोलका पुरावा जळालेल्या धान्याचा आहे. या वस्त्यांच्या मातीतून गहू, जव, तांदूळ, मसूर, वाटाणा यांचे दाणे मिळाले. विदर्भातला कोणताही शेतकरी या यादीकडे पाहून एक गोष्ट ओळखेल. तांदूळ पावसाळ्याचा आहे. गहू, जव, मसूर आणि वाटाणा हिवाळ्याचे आहेत, काळ्या मातीत पावसाची ओल धरून राहते तिच्यावर येणारे. म्हणजे आषाढात पेरणीला माणूस शेतात हवा, दिवाळीच्या आसपास कापणीला आणि पुन्हा रब्बीच्या पेरणीला हवा, आणि फाल्गुनात पुन्हा कापणीला हवा. मधल्या काळात राखण आहेच. ज्या समाजाचे पोट या दोन हंगामांवर चालते, तो सबंध समाज घोड्यावर बसून कुठे निघून जाऊ शकत नाही. यावर कोणी म्हणेल की धान्य शेजाऱ्यांकडून देवघेवीत मिळाले असेल. मिळालेही असेल थोडे. मग ते पिकवणारे शेजारी कोण? त्याच काळात, त्याच नदीकाठी, वेगळी भांडी वापरणारा वेगळा शेतकरी समाज दाखवता आला पाहिजे. काळी-तांबडी भांडी थडग्यांतही आहेत आणि वस्त्यांतही. टाकळघाटची वस्ती आणि खाप्याची वर्तुळे यांच्यातले साम्य देवांनी तेव्हाच दाखवून दिले होते.

आता घोड्याकडे वळू, कारण विरोधी पक्षाचा सगळा डौल त्याच्यावर आहे. घोडा थडग्यांत आहे, यात वाद नाही. पण वस्त्यांतल्या हाडांत सगळ्यांत जास्त आहेत ती गाई-बैलांची, मग शेळ्या-मेंढ्या आणि डुकरे. घोडा तिथे फार थोडा. थडग्यांत घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आढळतात, आणि तो तिथे बळी दिला गेला असावा असा अर्थ उत्खननकर्त्यांनी काढला. दख्खनच्या उष्ण आणि पावसाळी हवेत घोड्याची पैदास कधीच सोपी नव्हती. मध्ययुगातही इथल्या सत्ता समुद्रापलीकडून घोडे आणत. असा दुर्मीळ, महाग प्राणी थोरामोठ्याच्या मरणाच्या वेळी मारून त्याच्यासोबत पुरणे, यातून त्या घराण्याचा मान कळतो. सगळा समाज घोड्यावर जगत होता असे त्यातून कळत नाही. सिचुआनच्या थडग्यांत घोडे आणि रथ कोरलेले असताना तिथल्या भातशेतकऱ्यांना कोणी स्वार म्हटले नाही, कारण त्यांच्याच शेजारी खाचराची प्रतिकृती होती. विदर्भात ती नव्हती, एवढाच फरक.

वस्त्या फार थोड्या सापडल्या, हा आक्षेप याहून जड आहे आणि तो टाळता येणार नाही. त्याचे पहिले उत्तर जमिनीत आहे. माळावरचे वर्तुळ झाकले जात नाही. नदीकाठची वस्ती मात्र गाळाखाली जाते, किंवा पुढच्या पिढ्यांच्या गावाखाली. मराठी मुलखात गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन, शतकानुशतके जागा बदलत नाही. पाणी, उंचवटा आणि सुपीक रान जिथे एकत्र येते तिथेच माणूस पुन्हा पुन्हा वसतो. धाम नदीकाठच्या पवनारला १९६७ साली देव आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केले. ज्या पवनारला वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे प्रवरपूर ठरवले, तिथेच वाकाटकांच्या थरांच्या खूप खाली काळी-तांबडी भांडी असलेले थर निघाले. वर्धा नदीच्या पैलतीरावर अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर, जे मोरेश्वर दीक्षित यांनी १९६१-६२ मध्ये खणले, तिथेही खालच्या थरांत हीच भांडी. म्हणजे ज्या वस्त्या सापडत नाहीत असे म्हटले जाते, त्यांच्यावर गावे उभी आहेत. तिथे आज लोक राहतात, म्हणून त्या खणल्या गेल्या नाहीत.

दुसरे उत्तर साध्या गणिताचे आहे. जुनापाणीच्या परिसरात सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. ती पाचशे वर्षांत रचली गेली असे धरले, तर दर पाच वर्षांना तीन वर्तुळे पडतात. एखाद्या माळावर हजार वर्तुळे असली तरी वर्षाला दोनच. यासाठी दूरदूरच्या टोळ्यांनी एकत्र जमण्याची गरज नाही. मध्यम आकाराच्या दोन-तीन गावांतले निवडक मृतही पुरेसे आहेत. प्रत्येकाला वर्तुळ मिळत नव्हते हेही यातून उघड होते. वर्तुळ कोणाला मिळत होते, हा पुढचा आणि फार मोलाचा प्रश्न आहे. कदाचित घराण्याच्या प्रमुखाला, कदाचित कुळाच्या मूळ पुरुषांना. पण ज्या समाजात असा भेद करता येतो आणि पाचशे वर्षे एकाच माळावर तो पाळला जातो, त्या समाजाची मुळे त्या जमिनीत आहेत.

याला एक चांगला प्रतिवाद आहे, तोही सांगतो. भटके लोकही पूर्वजांच्या दफनभूमीकडे वर्षानुवर्षे परततात. मध्य आशियातल्या टोळ्यांनी तसे केले. त्यामुळे एकाच माळावरचे सातत्य हा स्थिर वस्तीचा पुरावा नव्हे. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच मी केवळ माळावर विसंबत नाही. दोन हंगामांचे धान्य, सारवलेल्या जमिनींचे थर आणि गावातच पेटलेली भट्टी, या तिन्हींसह ते सातत्य वाचले तरच त्याला वजन येते. पशुपालन होते, भरपूर होते, हेही नाकारायचे नाही. वर्धा जिल्हा हा गवळाऊ गाईचा प्रदेश आहे. आर्वीकडच्या नंद गवळ्यांनी हे गोधन सांभाळले, कुरणांच्या शोधात गुरे हिंडवली, आणि त्यांच्या शेजारी कुणबी काळ्या रानात पीक घेत राहिला. एकाच परिसरात चरणे आणि पेरणे दोन्ही शतकानुशतके चालू शकतात, एकाच घरातही चालू शकतात. इ.स.पू. सातव्या शतकातल्या कुळांतले काही लोक चार महिने गुरांमागे जात असतील. गाव मात्र जागच्या जागी राहत होते.

थडगी ओसाड माळावर का, याचे उत्तरही इथेच सापडते. मुरमाची जमीन नांगराला निरुपयोगी आहे. मृतांसाठी ती निवडली, म्हणजे काळी जमीन जिवंतांसाठी राखली. जिला शेतीची गरज नाही त्या टोळीने हा हिशेब का ठेवावा? इथे सावध राहणे भाग आहे, कारण काळ्या रानातही एकेकाळी वर्तुळे असतील आणि नांगराने ती नाहीशी केली असतील. धोंडे धुऱ्यावर गेले असतील, विहिरीच्या बांधकामात गेले असतील. उरलेल्यांवरून सगळ्यांचा नियम ठरवता येत नाही. तरीही खैरवाडा, जुनापाणी, माहूरझरी अशा ठिकाणी वर्तुळे इतक्या दाटीने माळावर आणि टेकडीच्या उतारावर आहेत की निवड जाणूनबुजून झाली असे मानणेच मला अधिक योग्य वाटते. त्या खड्ड्यांत भरलेली चिकट काळी माती मी याच अर्थाने पाहतो. ज्या रानाने पोसले तिथली माती वर आणून मृतावर घालण्यात त्यांचा काय भाव होता हे सांगता येणार नाही, पण ते रान त्यांचे होते आणि वाहतुकीच्या अंतरावर होते, एवढे नक्की.

या सगळ्याचा परिणाम आजच्या जपणुकीवर होतो. वर्तुळ म्हणजे एकटे थडगे असे मानले की त्याभोवती कुंपण घातले म्हणजे काम संपते. पण माळ, नाला, रान आणि गावाची पांढरी हे मिळून एकच स्थळ आहे. मुरमाच्या खाणी माळ खातात, गुप्तधनाच्या आशेने वर्तुळे उकरली जातात. ज्यांच्या हाती सोने लागत नाही ते मडकी फोडून निघून जातात आणि जळालेला दाणा, जो या विषयात सोन्याहून मोलाचा आहे, मातीत मिसळून जातो. माहूरझरीला एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजने पुन्हा काम केले, तेव्हा मणी बनवण्याच्या उद्योगावर नवा प्रकाश पडला. तसेच काम वर्धा जिल्ह्यात हवे आहे, आणि ते वर्तुळांपासून सुरू होऊन खालच्या नाल्याकाठी, रानाच्या कडेला, गावालगतच्या उंचवट्यांवर गेले पाहिजे.

माझा मुद्दा खोडून काढायचा असेल तर तेही तिथेच शक्य आहे. एखाद्या वस्तीचे थर तपासताना मधेमधे ओसाडपणाचे लांब पट्टे दिसले, धान्य एकाच हंगामाचे निघाले, गुरांच्या दातांवरून जनावरे वर्षातले काही महिनेच तिथे असल्याचे ठरले, तर स्थिर गावाची कल्पना त्या ठिकाणापुरती मागे घ्यावी लागेल. नैकुंड आणि भागीमोहरीच्या मातीने आतापर्यंत याच्या उलट सांगितले आहे. खैरवाड्याखालच्या रानाला हा प्रश्न अजून कोणी पुरेसा विचारलेला नाही.